एक खाडी, तीन शास्त्रे



नवी मुंबईत बेलापूरहून पेंधरला जाणारी मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि बेलपाडा हे या गावाचे नाव स्थानकाच्या पाटीवर आले. त्या स्थानकाच्या आसपासचा मुलूख ध्यानात आणा. बेलपाडा ज्यात येते त्या खारघरमध्येच टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगावर उपचार, संशोधन आणि शिक्षण करणारी संस्था आहे. दहाएक किलोमीटरवर पनवेलमध्ये दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. महामार्गापलीकडे खाडी आणि तिवरांचे रान, वरच्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि तिच्यातून वाहत पनवेल खाडीला मिळणारी कासाडी नदी. माणसाच्या शरीराचे शास्त्र, शेतीचे शास्त्र आणि निसर्गाचे शास्त्र अशी तिन्ही शास्त्रे एका गावाच्या पंचक्रोशीत येण्याचा योग फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. ही तिन्ही शास्त्रे ज्या पाण्यावर उभी आहेत ते पाणी एकच आहे. म्हणून या परिसरापुरता तरी संशोधनाचा प्रश्न खाडीपासून सुरू व्हावा आणि तिन्ही शास्त्रांनी तो मिळून विचारावा. आज तसे होत नाही, आणि त्याची किंमत इथले लोक मोजतात.

सुरुवात मिठापासून करतो, कारण आगरी माणसाला मीठ समजावून सांगावे लागत नाही. खारेपाटातली शेती म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा आणि बांधात उघाडी बसवायची. उघाडीचे दार खाडीच्या बाजूला उघडते. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच ते मिटते, ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि शेतातले जास्तीचे पाणी बाहेर जाते. माणूस हजर नसतानाही दिवसातून दोनदा हे काम चालते. जलविज्ञान शिकवणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना आधी एखाद्या उघाडीपाशी आणून उभे करावे, इतके ते साधे आणि नेमके यंत्र आहे. पहिल्या पावसांनी जमिनीच्या वरच्या थरातले मीठ धुऊन निघते, मग चिखल करून रहू टाकतात, म्हणजे मोड आलेले बी फोकतात. पाऊस मध्येच थांबला, तर खालचे मीठ पुन्हा वर चढते आणि कोवळे रोप करपते. कृषिशास्त्र हेच आपल्या मापात सांगते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की ती जमीन खारी धरतात, आणि भाताचे उत्पादन तर साधारण ३ पासूनच घटू लागते. शेतकऱ्याच्या जिभेला आणि डोळ्याला जे कळत होते, त्याला आकडा मिळाला.

हा आकडा ओलांडलेल्या जमिनीतही तग धरणारी भाते इथल्या लोकांनी शास्त्राच्या फार आधी निवडून ठेवली होती. काळा राता, भुरा राता ही खारेपाटातली जुनी वाणे. तांबूस दाण्याची ही भाते शहरातल्या ताटात कधी मानाने बसली नाहीत. पण त्यांतून निवडलेला काळा राता १-२४ हा वाण क्षारसहनशील भातावर जगात कुठेही काम चालले की केरळच्या पोक्कळी आणि बंगालच्या नोना बोकराबरोबर ओळीत येतो. पनवेलच्या केंद्राने खारजमिनीसाठी दिलेली पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. हे झाड मीठ सोसते म्हणजे नेमके काय करते, याचे एक उत्तर २००५ मध्ये मिळाले. चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी नोना बोकरामधले एक जनुक ओळखले. मुळाकडून पानाकडे चढणाऱ्या रसातले सोडियम हे जनुक वाटेतच बाहेर काढून घेते, त्यामुळे पानापर्यंत मीठ कमी पोहोचते. जिथे प्रकाशाचे अन्न होते, ती जागा सुरक्षित राहते. तिवराची रीत याहून वेगळी आहे. ते बरेचसे मीठ मुळाशीच रोखते आणि जे वर येते ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. उन्हाळ्यात खाडीकाठी तिवराचे पान उलटून, बोट फिरवून चाटून पाहा, खारट लागेल. एकाच चिखलात उभ्या असलेल्या दोन वनस्पतींनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत. मला हे ज्ञान कोणत्याही मंदिराच्या शिल्पाइतकेच जपण्यासारखे वाटते.

मग माणसाचे काय? मिठाचा प्रश्न शेताच्या बांधावर संपत नाही. बांगलादेशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, खुलना भागातल्या दाकोपमध्ये, पिण्याच्या पाण्यात समुद्राचे मीठ शिरले. तिथल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूत त्यांच्यात वाढलेल्या रक्तदाबाचे प्रमाण अधिक होते, आणि पाण्यातून पोटात जाणारे सोडियमही त्याच ऋतूत कितीतरी पटीने वाढत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. तिथे ही मर्यादा स्वयंपाकघरात नव्हे, तळ्यात आणि विहिरीत ओलांडली जात होती. आता पाहा, रक्तदाबाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला डॉक्टर ताटातले मीठ कमी करायला सांगेल, आणि चुकीचे काही सांगणार नाही. पण बांध कुठे फुटला, गोड्या पाण्याचे तळे कधी खारे झाले, हे त्याच्या तपासणीच्या कागदावर नसते. ते माहीत असते कृषी सहायकाला, खारभूमी खात्याच्या अभियंत्याला आणि गावातल्या म्हाताऱ्याला. एकाच मिठाच्या नोंदी तीन वह्यांत राहतात आणि त्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

वह्या न भेटल्याने आपल्याच जिल्ह्यात एक भांडण उभे राहिले आहे. त्यावर थोडा थांबतो, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीला मनाई केली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असे म्हटले. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्या निकालाने राखला. या निकालाचे मी मनापासून स्वागत करतो. लाटेचा जोर मोडायला, माशांच्या पिलांना आसरा द्यायला, चिखलात कार्बन साठवायला तिवराइतका चांगला राखणदार आपल्याकडे दुसरा नाही. पण पेण-अलिबागच्या खारेपाटात असेही घडले आहे, की बांधाला खांड पडली, ती वेळेवर बांधली गेली नाही, भरतीचे पाणी वर्षानुवर्षे शेतात खेळले आणि पाण्याबरोबर आलेल्या बियांनी तिथे तिवर रुजले. आता सातबारा शेतकऱ्याचा, झाडे कायद्याच्या रक्षणाखाली, आणि बांध दुरुस्त करायला गेले तर तो गुन्हा ठरेल की काय ही धास्ती. पर्यावरणाच्या नकाशावर ती हिरवी भर दिसते, शेतीच्या नोंदीत ती बुडीत जमीन असते. कोणत्या बांधाची खांड कधी पडली, कोणते तिवर त्याआधीचे आणि कोणते नंतरचे, हे उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांवरून आणि मातीच्या थरांवरून ठरवता येते. हे काम वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मृदाशास्त्रज्ञ यांनी शेतकऱ्याला बरोबर घेऊन करायचे आहे. न्यायालयाकडे कायदा आहे. हा पुरावा मात्र शास्त्रांनी मिळून पुरवायला हवा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. विज्ञान पुढे गेले ते खोल खणल्यामुळे. प्रत्येकाने आपली विहीर सोडून दुसऱ्याच्या विहिरीत डोकावायचे म्हटले, तर पाणी कुणालाच लागणार नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढतात, त्यांत नवे जनुक घालून त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवतात, आणि वाढवून परत शरीरात सोडतात. देशात असा उपचार पहिल्यांदा ४ जून २०२१ रोजी ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात दिला गेला. पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या या उपचाराला नेक्सकार-१९ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. चाचण्यांमध्ये दर चारांपैकी जवळपास तीन रुग्णांच्या आजाराने उपचाराला प्रतिसाद दिला, आणि परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. ही एकाग्रतेची फळे आहेत, ती नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण त्याच घटनेत माझे उत्तरही आहे. पेशी घडवणारा जीवअभियंता आणि रुग्णाच्या उशाशी उभा असलेला डॉक्टर दोन संस्थांमधले होते. ते एकत्र बसले म्हणून हे झाले. आणि उपचार कितीही स्वस्त झाला तरी काही लाखांचा राहतोच. रोग होऊ नये यासाठी लागणारे संशोधन प्रयोगशाळेबाहेर करावे लागते.

ही दृष्टी ॲक्ट्रेकला परकी नाही, तिच्या घराण्यातच ती आहे. ॲक्ट्रेक ज्या संस्थेची वारस आहे, त्या परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहताना, हा माणूस काय नेसतो, काय चघळतो, चिरूट कसा ओढतो हे ते विचारत. धोतर कमरेला सतत काचल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगावर त्यांनी १९४५ मध्ये लिहिले. त्याच संस्थेत पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिची वास्तू इथून जवळच वाशीला आहे. आयुष्यभर पेशींवर काम केलेल्या या बाई पुढे अहमदनगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करायला गेल्या. याच वाटेवर पुढे उस्मानाबाद जिल्ह्याच्या खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना सामावून घेणारा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची चाचणी एकदा केली तरी त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगाने स्वीकारला. त्याला आधार होता बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीचा, म्हणजे गावोगाव फिरून लिहिलेल्या वहीचा.

आता तळोज्याकडे येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या रस्त्यांवर निळी कुत्री फिरताना दिसली. खाण्याच्या शोधात ती कारखान्याच्या सांडपाण्यात उतरली होती आणि रंग त्यांच्या केसांवर चढला होता. छायाचित्रे देशभर छापून आली आणि कारवाईही झाली. पण कासाडीच्या आणि खाडीच्या पाण्याबद्दल इथले मच्छीमार त्याआधी कित्येक वर्षे ओरडत होते. जाळ्यात येणारी निवटी, चिंबोरी, जिताडा कमी झाल्याचे सांगत होते, पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. रंग दिसला म्हणून कुत्र्यांची दखल घेतली गेली. ज्या द्रव्याला रंग नसतो त्याची दखल कोण घेणार?

जपानमधल्या मिनामाताने याचे उत्तर भयंकर किंमत मोजून दिले. तिथे आधी मांजरे लटपटत, गोल फिरत समुद्रात पडू लागली. कावळे आकाशातून कोसळले. १ मे १९५६ रोजी तिथल्या रासायनिक कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी माणसांतल्या अनोळखी मेंदूविकाराची सरकारी आरोग्य कार्यालयाला खबर दिली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने पाऱ्याच्या संयुगावर बोट ठेवले. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले आणि ते मांजर तसेच आजारी पडले. तो निकाल कंपनीने दाबला. सरकारने कारण मान्य केले सप्टेंबर १९६८ मध्ये. या बारा वर्षांत मासे तेच खाल्ले जात होते आणि दरम्यान निइगाता भागात दुसरी साथही उमटली होती. डॉक्टरला रोगी माहीत होता, कोळ्याला मासा माहीत होता, कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाला पारा माहीत होता, पण तिघांची माहिती वेळेत एकत्र आली नाही. आपल्या गिधाडांचेही थोड्याफार फरकाने असेच झाले. गुरांच्या दुखण्यावरचे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे बंद पाडते, हे २००४ मध्ये कळेपर्यंत कोट्यवधी पक्षी संपले होते.

इथे मला कुणी सावध करील, आणि करावे. तळोज्याच्या सांडपाण्यामुळे अमक्या गावात कर्करोग वाढला, असे विधान मी करत नाही आणि कुणी पुराव्यावाचून करू नये. एका गल्लीत चार रुग्ण निघाले म्हणजे कारण सापडले असे होत नाही. कर्करोग आज सामान्य रोग आहे, आणि निव्वळ योगायोगानेही असे पुंजके दिसतात. तंबाखू आणि मिश्री यांचा वाटा आजही कितीतरी मोठा आणि पक्का सिद्ध झालेला आहे. अर्धवट आकड्यांनी लोकांत घबराट पसरते, मासळी विकणाऱ्या बाईचा धंदा बुडतो, हेही खरे. पण या साऱ्या आक्षेपांतून निष्कर्ष एकच निघतो, की मोजणी नीट आणि एकत्र व्हावी. ती झाली तर भीती निराधार ठरेल किंवा साधार ठरेल. दोन्हींत लोकांचे भले आहे. मोजणीच टाळली तर अफवा तेवढ्या उरतात, आणि मासळीचा बाजार पहिल्यांदा अफवेनेच बसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो, कारण तो इथल्याच लोकांकडून येतो. सिडकोची स्थापना १९७० ची. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्याला पाच माणसे हुतात्मा झाली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झगडून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. भाताची खाचरे इमारतींखाली गेली. आता खाऱ्या भाताचे संशोधन कुणासाठी, असा सवाल आहे. त्यामागची वेदना मान्य करून मी म्हणतो, की ते संशोधन पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि वाढीचा वेग चढता आहे. पेण, अलिबाग, उरणचा खारेपाट अजून नांगराखाली आहे. सुंदरबन आणि व्हिएतनामचा मेकाँग खोऱ्याचा मुखप्रदेश याच प्रश्नाशी झुंजतो आहे. त्यांना लागणाऱ्या बियाण्यातले काही गुण काळ्या राताच्या लोंबीत आहेत. शिवाय उघाडी, बांध आणि तिवर यांचे ज्ञान शहरालाही हवे. खारघर-कामोठ्यात मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाणी तुंबते. तेव्हा शहरापुढे असलेला प्रश्न खारेपाटातल्या शेतकऱ्याने उघाडी बसवून कधीच सोडवलेला होता.

म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतीची किंवा नव्या संस्थेची नाही. पनवेल खाडीची एक सामाईक नोंद असावी. तीत कासाडी आणि खाडीच्या ठरावीक जागी दर ऋतूत पाण्याची व गाळाची तपासणी, बाजारात येणाऱ्या मासळीतल्या जड धातूंची तपासणी, खारजमिनीची क्षारता, बांधांच्या खांडी, कांदळवनाची वाढघट, आणि रुग्णाचे नाव न उघडता गाववार रोगनोंद असावी. ही माहिती मराठीत, महापालिकेच्या फलकावर लागावी. नोंदी घेताना नदी ओळखणारा कोळी आणि वाण ओळखणारी म्हातारी यांना साक्षीदार म्हणून नव्हे, तर सहकारी म्हणून घ्यावे आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्यावी. यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर व्यवस्थापन समिती नेमण्याची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे. या नोंदवहीचा आग्रह डॉ. माधव गाडगीळांनी आयुष्यभर धरला. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ पासून आहे, बेलपाडा तिच्या हद्दीत आहे, आणि २००५ च्या माहिती अधिकाराखाली ही नोंदवही मागण्याचा अधिकार इथे बसलेल्या प्रत्येकाला आहे.

माझी विनंती विशेषतः कॉलेजात विज्ञान शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींना आहे. तुमच्या आजीला भाताच्या ज्या वाणांची, मासळीच्या ज्या जातींची आणि ज्या उघाड्यांची नावे येतात, ती या पावसाळ्यापूर्वी लिहून घ्या, जागा आणि काळ यांसकट. मग ती यादी घेऊन पनवेलच्या खारभूमी केंद्रात जा आणि तिथून ॲक्ट्रेकमध्ये जा. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा, की या खाडीवर तुम्ही एकत्र कधी बसणार?